मॅरेज गार्डनमधल्या मोटरसायकली

दादा,

तुझा तेरावा परवा झाला. पाहुणे गेले, मांडव उतरला, उरलेलं गोडधोड वहिनीनं शेजारी वाटून टाकलं. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. साधा माणूस, सरळ माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी ऐकत होते आणि मला राग येत होता. तू साधा कुठे होतास? हट्टी होतास, तोंडावर बोलायचास, आणि दुसऱ्याच्या भानगडीत पडल्याशिवाय तुझा एक महिना जात नसे. शिवाय माझ्याशी तुझं भांडण चालू होतं. ते तसंच टाकून गेलास. फोनवर रागावलास की मध्येच ठेवून द्यायचास ना, तसं.

म्हणून लिहितेय. वहिनीला यातलं अर्धंच माहीत आहे आणि आईला काहीच नाही.

बाबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, तेव्हापासून आपल्या घरात नोकरी म्हणजे सरकारी नोकरी. तू डिप्लोमा करून मोटरसायकलच्या कंपनीत लागलास तेव्हा बाबा आठ दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. खासगी कंपनी, तीही दुचाकीची! तू मात्र पहिल्याच पगारातून त्या कंपनीचे शेअर घेतलेस. मग दर भाऊबीजेला माझ्या नावावर थोडे, दिवाळीला आईच्या नावावर थोडे. माझ्या मैत्रिणींचे भाऊ त्यांना साड्या घालायचे, माझा भाऊ मला शेअर घालायचा. मी चिडायची. तू म्हणायचास, "माधू, साडी फाटते. ही कंपनी फाटणार नाही."

पुढे मीच एम. पी. नगरात शेअर दलालाच्या ऑफिसात नोकरीला लागले आणि तुझ्या कंपनीचा भाव दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर हलू लागला. तू कधी मला भाव विचारला नाहीस. "आज गाड्या किती गेल्या ते विचार," म्हणायचास.

गाड्या किती गेल्या, यातच सगळं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तू एरिया मॅनेजर झालास, सीहोर, विदिशा, रायसेन, बैरसिया असा टापू तुझ्याकडे आला, आणि महिनाअखेर जवळ आली की तुझं जेवण कमी व्हायचं. एकदा तू मला समजावून सांगितलंस. कारखान्यातून ट्रक निघाला आणि गाड्या डीलरच्या दारात उतरल्या की कंपनीच्या दृष्टीनं त्या विकल्या गेल्या. महिन्याच्या आकड्यात त्या मोजल्या जातात, तो आकडा पेपरात येतो, तो वाचून माझ्या ऑफिसात लोक शेअर घेतात. पुढे त्या गाडीवर कोणी माणूस बसला की नाही, ती डीलरची डोकेदुखी.

"आणि नाही बसला तर?" मी विचारलं.

"तर मी डीलरकडे जातो आणि म्हणतो, अजून एक ट्रक घ्या. मी आहे ना."

तू हे हसत सांगितलंस. मीही हसले. आपण दोघं हसलो होतो, हे मी विसरणार नाही, आणि तुलाही विसरू देणार नव्हते.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्या गाड्यांवर बसणारे कमी होत गेले. किमती वाढल्या. गावातली पोरं मोठ्या इंजिनाच्या गाड्या मागू लागली, शहरातली बॅटरीच्या स्कूटरकडे वळली, आणि तुमची साधी, दणकट, दूधवाल्याची गाडी दोघांच्या मध्ये उभी राहिली. तू वरच्यांना हे सांगत होतास. वरचे तुला टार्गेट सांगत होते.

मार्चअखेरीच्या त्या रविवारी मी तुमच्याकडे शाहपुऱ्याला जेवायला आले होते. वहिनीनं भरली वांगी केली होती. तुझा फोन टेबलावर स्पीकरवर होता, कारण तुला जेवता जेवता मीटिंग ऐकायची होती. पलीकडून झोनल ऑफिसचा तो नवा साहेब बोलत होता, आवाजावरून तुझ्या निम्म्या वयाचा.

"श्रीकांतजी, बैरसिया का ट्रक अभी तक बुक नहीं हुआ."

तू घास खाली ठेवलास. "सर, साहूजी के पास पहले का माल पड़ा है. रखने की जगह नहीं है. मैंने मेल में पूरी गिनती भेजी है."

"गिनती मैंने नहीं माँगी. ट्रक माँगा है."

"मैं नहीं बोलूँगा उनको, सर. इस बार नहीं."

पलीकडे कोणीतरी हसलं. मीटिंगमध्ये आणखी पुष्कळ लोक होते, हे मला तेव्हा कळलं. मग तो साहेब अगदी गोड आवाजात म्हणाला, "आप थक गए हैं श्रीकांतजी. आराम कीजिए."

तू फोन बंद केलास आणि वहिनीकडे ताट सरकवून म्हणालास, "अजून एक वांगं वाढ." वाढलेलं वांगं मात्र तसंच राहिलं.

ट्रक गेलाच. तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी बैरसियाच्या डीलरला, साहूंना, फोन केला आणि तुझंच नाव सांगितलं. महिन्याभरात तुला स्वेच्छेनं निवृत्ती घ्यायला लावली. त्या कागदावर 'स्वेच्छेनं' हा शब्द तू मला बोट ठेवून दाखवलास. निरोपसमारंभात काचेच्या पेटीतली एक इवलीशी मोटरसायकल दिली. वहिनीनं ती फ्रिजवर ठेवली, तू काढून माळ्यावर टाकलीस. मी म्हटलं, "दादा, सुटलास." तुला ते आवडलं नाही. तू म्हणालास, "सुटलो मी. साहू अडकला."

श्रावणात तू मला बैरसियाला घेऊन गेलास. रविवार होता, दुपारचं ऊन पडलं होतं. मला वाटलं साहूंच्या शोरूममध्ये जायचंय. तू गाडी वळवलीस ती गावाबाहेरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये. चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून साहूंनी ते भाड्यानं घेतलं होतं. आत हॉलमध्ये, लॉनच्या कडेच्या शेडमध्ये, नवरा-नवरीच्या स्टेजवर, सगळीकडे मोटरसायकली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या. स्टेजवर मागे थर्माकोलचा मोर होता आणि त्याच्यासमोर चौदा-पंधरा गाड्या तिरक्या लावलेल्या. कबुतरांनी टाक्यांवर घाण केली होती. गोविंद साहू आपल्यामागून चालत होते. तुझ्याशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते माझ्याशी.

"देखिए मैडम, बारात पूरी आ गई है. लड़की वालों का पता नहीं."

तू मान खाली घातलीस.

"आपके भाईसाहब ने कहा था, ले लो साहूजी, मैं हूँ ना. हर बार कहा. हमने इनका मुँह देख के लिया, कंपनी का नहीं."

"आखिरी वाला मैंने नहीं कहा था," तू म्हणालास.

"उसके पहले वाले तो आपने कहे थे."

तू एका गाडीवरची विष्ठा रुमालानं पुसलीस आणि रुमाल तिथेच टाकून दिलास.

परतताना रस्त्यावरच्या टपरीवर चहाला थांबलो, आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, "दादा, तुझे शेअर उद्याच्या उद्या विकून टाक. हे जे आत्ता मी पाहिलं, ते बाजाराला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा भाव कोसळेल."

"मी विकले की घेणार कोण?"

"कोणीही घेईल."

"म्हणजे कोणाच्या तरी गळ्यात घालायचे. आणखी एक साहू करायचा."

"बाजारात घेणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, दादा."

"म्हणूनच तुम्हाला जमतं," तू म्हणालास.

मला ते फार लागलं. मीही मागे राहिले नाही. म्हटलं, चेहरा बघूनच तर तू साहूला बुडवलंस. तुझ्या हातातला चहा निवला. तू तो टाकून दिलास आणि गाडीत जाऊन बसलास. दादा, मी चूक बोलले नव्हते. पण ते मी बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पहिलं काम केलं ते माझे शेअर विकण्याचं. इतक्या वर्षांच्या भाऊबीजा मी पाच मिनिटांत विकल्या. आईचेही विकले. तिचं खातं मीच बघते, तिला विचारायचीही गरज पडली नाही. तू मात्र तुझे ठेवलेस, अगदी शेवटपर्यंत. आता ते वहिनीच्या नावावर होतील आणि तेव्हा त्यांची काय किंमत असेल ते मी तिला आत्ताच सांगू शकत नाही.

आणि त्याच आठवड्यात पाठकबाईंचा फोन आला. आपल्या दोघांना मराठी शाळेत शिकवलेल्या बाई, आता अरेरा कॉलनीत एकट्या राहतात. त्यांची बँकेतली ठेव मोडायची वेळ झाली होती. "माधू, यातून काहीतरी चांगलं घेऊन दे गं. तुझ्या दादाची कंपनी कशी आहे?" माझ्यासमोर ऑफिसची यादी होती. मुंबईहून दर सोमवारी येते, कोणते शेअर लोकांना घ्यायला सांगायचे त्याची. तुझी कंपनी तिसऱ्या नंबरवर होती, कारण महिन्याचा आकडा चांगला आला होता. तो आकडा कुठे उभा आहे हे मी रविवारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले होते. आमच्या सरांनी पलीकडच्या टेबलावरून अंगठा वर केला. त्या महिन्याचं माझं टार्गेट राहिलं होतं. मी म्हटलं, "यादीत आहे बाई. घ्यायला हरकत नाही." त्यांनी घेतले.

मी काही खोटं बोलले नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले. यादीत तर होतीच ना.

तू त्या दिवसांत काय करत होतास? दर मंगळवारी आणि शुक्रवारी बैरसियाला जात होतास. निवृत्त एरिया मॅनेजर, इस्त्रीचा शर्ट घालून, आठवडी बाजारात एक मोटरसायकल स्टँडवर लावून उभा. साहूंनी तुला बोलावलं नव्हतं. पहिले कित्येक दिवस ते तुझ्याशी धड बोललेही नाहीत, फक्त किल्ली पुढे करायचे. एकदा मी आले होते बघायला. एक दूधवाला आला, टाकीवर टकटक केली, सीट दाबून पाहिली.

"इसमें दोनों तरफ केन टँगेंगे कि नहीं?"

"टँगेंगे," तू म्हणालास.

"कंपनी का तो कुछ लगा नहीं है."

"मैं लगवा के दूँगा. चला के देखो, फिर बताना."

तू त्याला घेऊन वेल्डरकडे गेलास. चाळीस लिटरचे दोन कॅन पाण्यानं भरून टांगलेस, मागे स्वतः बसलास आणि कच्च्या रस्त्यावरून चक्कर मारून आलास. अर्ध्यावर एक कॅन सुटला. तुझा शर्ट चिंब झाला. दूधवाला हसत सुटला आणि त्यानं गाडी घेतली. त्यानंतर तुम्ही कॅनचं कॅरियर लावूनच गाड्या बाजारात उभ्या करू लागलात. कारखान्यातल्या एवढ्या इंजिनियरांना जे सुचलं नाही ते तुला भिजल्यावर सुचलं. मी त्या दिवशी तुझ्याकडे बघत होते, दादा, आणि मला खूप वर्षांनी तुझा हेवा वाटला.

गणपतीत महाराष्ट्र मंडळात पाठकबाई वहिनीला भेटल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, माधूनं तुमच्याच कंपनीचे शेअर घेऊन दिले. वहिनीनं घरी येऊन तुला सांगितलं. तू मला फोन केलास. आवाज अगदी शांत होता.

"बाईंना तू ते घ्यायला सांगितलेस?"

"त्याच मागे लागल्या होत्या."

"मग आता त्यांना सांग, गार्डनमध्ये काय पाहिलंस ते. आणि काढून टाकायला सांग."

"सांगते."

आठ दिवसांनी तू पुन्हा विचारलंस, "सांगितलंस?" मी "हो" म्हटलं. सांगितलं नव्हतं. तोवर भाव थोडा उतरला होता आणि मला वाटलं, जरा वर येऊ दे, मग सांगू. तो वर आला नाही. गाड्यांची नोंदणी आणि कंपनीचे आकडे जुळत नाहीत, हे पेपरात आलं आणि तो घसरतच राहिला. मग सांगण्यात अर्थ नव्हता. अर्थ नव्हता, हेही मीच ठरवलं.

या भाऊबीजेला तू मला पहिल्यांदा साडी घातलीस. करड्या रंगाची, महेश्वरी. मी म्हटलं, "अरे वा, साडी?" तू हसलास. म्हणालास, "ही विकली जात नाही." मला वाटलं, मी शेअर विकल्याचं तुला आईच्या खात्याच्या कागदावरून कळलं असेल. मी विषय बदलला, तुला ओवाळलं, आपण बासुंदी खाल्ली.

देवउठनी एकादशीपासून लग्नं सुरू होतात. त्याच्या आधी गार्डन रिकामं करून द्यायचं होतं आणि तू ते करून दाखवलंस. दिवाळीत गाड्या खपल्या, उरलेल्या तू आणि साहूंनी मिळून आजूबाजूच्या गावांतल्या मेकॅनिकांच्या दारात दोन-दोन, तीन-तीन करून लावल्या आणि त्याही विकल्या. शेवटची गाडी गेली त्या संध्याकाळी साहूंनी तुला मिठी मारली, असं तू वहिनीला सांगितलंस. मला नाही सांगितलंस.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, सकाळी फिरायला निघताना, बुटाची नाडी बांधायला वाकलास तो वाकलेलाच राहिलास. वहिनी चहाचा कप घेऊन आली तेव्हा सगळं संपलं होतं.

तुझ्या कंपनीतून कोणी आलं नाही. तुमच्या जुन्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप वहिनीनं मला दाखवला. हात जोडलेल्या चित्रांची रांगच्या रांग, आणि त्याखाली लगेच महिनाअखेरीच्या टार्गेटचा मेसेज. वहिनी म्हणाली, "यांना ग्रुपमधून काढायचं कसं गं?" तिला येत नव्हतं. मी काढलं. गोविंद साहू मात्र पहिल्या गाडीनं आले. खांदा दिला, घाटावर सगळं होईपर्यंत उभे राहिले, आणि जाताना मला म्हणाले, "मैडम, मैंने छह महीने इनसे सीधे मुँह बात नहीं की. अब किससे करूँ?"

काल कंपनीचे महिन्याचे आकडे आले. डीलरांकडचा साठा हलका झाला आहे, कारखान्यातून पुन्हा जास्त गाड्या निघत आहेत, असं त्यांनी जाहीर केलं. त्या झोनल साहेबाला बढती मिळाल्याचंही कळलं. गणपतीपासून घसरलेला शेअर काल उसळला. आमच्या ऑफिसात टाळ्या वाजल्या. डीलरांकडचा साठा हलका झाला म्हणे! जसा काही आपोआप झाला. गावोगावचे कोण कोण साहू त्याखाली दबले असतील कोण जाणे, पण बैरसियाचा साठा तू हलका केलास, पाण्यानं भरलेले कॅन टांगून, कंपनीचा एक रुपया न घेता. आणि त्याचं श्रेय ज्यांनी तुला थकलेला ठरवलं त्यांच्या नावावर जमा झालं. यादी लगेच आली. घ्यायला सांगा. सरांनी माझ्यासमोर फोन नंबरांचा कागद ठेवला, "माधवीजी, शुरू हो जाइए," आणि मग आठवून, "अच्छा, आप तो अभी... ठीक है, कल से."

मी राजीनामा दिला, असं तुला लिहायला आवडलं असतं. नाही दिला. मी पर्स उचलली आणि घरी आले. आज दुपारी अरेरा कॉलनीत पाठकबाईंकडे गेले.

त्या तुझ्याबद्दल बोलत होत्या, तुझं अक्षर, तुझा हट्ट. मी त्यांना मध्येच थांबवलं आणि सगळं सांगितलं. मॅरेज गार्डन, स्टेजवरच्या गाड्या, माझे विकलेले शेअर, आईचे विकलेले, आणि मग त्यांच्या फोनवर मी दिलेला सल्ला. त्या ऐकत होत्या.  मग म्हणाल्या,

"श्रीकांत आला होता दसऱ्याला. सोनं द्यायला."

मला माहीत नव्हतं.

"आपट्याची पानं दिली, पाया पडला आणि म्हणाला, बाई, ते शेअर विकून टाका. मी म्हटलं, अरे, माधू रोज तेच काम करते. तिनं घ्यायला सांगितलंय. ती मला चुकीचं सांगेल का?"

"मग?"

"मग काही नाही.  दोनदा तोंड उघडलं त्यानं, मला वाटलं काही बोलेल. मग चहा घेतला आणि म्हणाला, 'नाही बाई, ती चुकीचं नाही सांगणार.' आणि गेला."

दादा, तू साहेबाला नाही म्हणालास. नोकरी गेली तरी म्हणालास. आणि बाईंच्या समोर माझ्यासाठी खोटं बोललास. भाऊबीजेला साडी घालताना तुला सगळं माहीत होतं, माझं खोटं 'हो'सुद्धा. मला रागवायला हवं होतंस रे. टपरीवर चहा टाकून दिलास तसं ताट फेकायला हवं होतंस. मी रडले असते, भांडले असते, पण बाईंकडे गेले असते. तू मला सांभाळून घेतलंस, आणि सांभाळून घेतलेल्या माणसाला माफीसुद्धा मागता येत नाही. तू असतास तर यावरही आपण भांडलो असतो.

मी बाईंना म्हटलं, जे गेलं ते मी भरून देईन. त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं. "पैशाचं राहू दे," म्हणाल्या. "पण तो तुझ्यामुळे माझ्याशी खोटं बोलला. माझ्या घरात बसून. आयुष्यात बोलला नव्हता तो मुलगा."

मी उठले. कोणीही आलं की त्या फाटकापर्यंत सोडायला येतात, गुडघे दुखत असले तरी. आज त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. मीच फाटक लावून घेतलं.